पोकळ लाकूड आणि बोलकी तार

तंतुवाद्यांचा इतिहास हा एका अर्थी पोकळीचा इतिहास आहे. दोन खिळ्यांमध्ये तार ताणून छेडली, तर जवळ बसलेल्यालाही ती जेमतेम ऐकू येते. कारण तार बारीक असते आणि तिच्या कंपनाने हवा फारशी हलत नाही. तीच तार एखाद्या पोकळ भोपळ्यावर किंवा लाकडी पेटीवर बसवली, की घोडीवाटे तिचे कंपन खालच्या पातळ तबलीला पोचते, तबली आपल्या रुंदीने हवा हलवते आणि घरभर स्वर पसरतो. हा शोध कोणी लावला हे कोणालाच सांगता येणार नाही. पण जगातल्या बहुतेक समाजांनी तो आपापल्या परीने लावला आहे.

आपल्या या वनप्रदेशातही तो फार पूर्वी लागला. राजगोंडांच्या कुळकथा गाणारे प्रधान गायक जी किंगरी वाजवतात, ती तीन तारांची आणि गजाने वाजणारी. तिचे अंग लाकडी, पोकळ आणि कातड्याने मढवलेले. जुन्या चांदा जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबाद भागात १९४० नंतरच्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने गोंडांच्या जीवनाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. त्यात या गायकांना आणि त्यांच्या वाद्याला मानाचे स्थान आहे. किंगरीचा आवाज लहान असतो. परंतु देवापुढे जमलेल्या एका कुळाला तो पुरेसा असतो, आणि त्यापलीकडे तो जावा अशी कोणाची अपेक्षाही नसते.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, मिरजेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असेच एक शास्त्र रुजले. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांचा धंदा, लढाया संपल्यावर, बसत चालला होता. त्यांच्यातील फरीदसाहेबांनी तंबोरे व सतारी बनवण्यास सुरुवात केली. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे आणि तुणाचे लाकूड यांतून त्यांच्या वारसांनी असे तंबोरे घडवले, की देशभरचे गवई मिरजेची वाट चालू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिरीचे सारे मर्म दोन गोष्टींत आहे : पोकळी कशी ठेवावी, आणि घोडीवर तार जिथे टेकते तिथली जवारी कशी काढावी.

आता श्रोत्यांची संख्या वाढू लागली, म्हणजे काय होते ते पाहू. त्यासाठी दूर जायला नको. धान निघाले, दिवाळी सरली, की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि तेथपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके चालतात. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे त्या नाट्यमंडळ्यांचे माहेरघर. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री देऊन भारत सरकारने या परंपरेचाच गौरव केला. या नाटकाला उघड्या शेतात जमणारा प्रेक्षक शेकड्यांनी नव्हे, हजारांनी मोजावा लागतो. तिथे भोपळ्याची किंवा लाकडी पेटीची पोकळी कितीही गुणी असली, तरी तिचा स्वर दहाव्या रांगेपलीकडे जात नाही. मग विजेला शरण जावे लागते.

विजेकडे जाण्याच्या वाटा दोन. एक, वाद्यासमोर मायक्रोफोन ठेवणे. दुसरी, तारेखालीच एक लोहचुंबक ठेवून तिचे कंपन सरळ विजेत उतरवणे. पहिल्या वाटेने हवेतला आवाज टिपला जातो. दुसरीत हवेचा संबंधच येत नाही. ही दुसरी वाट ज्या वाद्याने जगभर नेली, ते म्हणजे विजेची गिटार. त्यातही जिच्या एकाच अंगात जुनी पोकळी आणि नवा चुंबक दोघेही नांदतात, ती अर्धपोकळ गिटार आजचा आपला विषय आहे. तिच्या पोटातील चुंबक आणि तारा आज अनेक वादक बदलून घेतात. ही दुरुस्ती दिसायला किरकोळ आहे. परंतु वाद्य मोठ्याने बोलू लागले की त्याचा स्वतःचा आवाज कितपत उरतो, हा प्रश्न तीत दडलेला आहे. आणि तो आपल्याही रंगमंचाचा प्रश्न आहे.

मुळापासून सुरुवात करू. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. आपली धरणांवरची आणि औष्णिक केंद्रांतली प्रचंड जनित्रे याच तत्त्वावर चालतात, आणि गिटारीचा पिकअपही त्याच तत्त्वावर चालतो. पिकअप म्हणजे एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली, की चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर थरथरते आणि वेढ्यांत तशीच थरथरणारी अगदी क्षीण वीज उमटते. ती अँप्लिफायरने मोठी करायची व लाऊडस्पीकरला द्यायची. इथे एक अट लक्षात ठेवावी : तार लोखंडाच्या जातीची हवी. तंबोऱ्याच्या पितळी खर्जाला हा चुंबक दाद देत नाही. म्हणून सतार-तंबोऱ्याला बहुधा दुसऱ्या जातीचा पिकअप लावतात. त्याला चुंबक नसतो. दाबाखाली वीज देणारा स्फटिकवर्गी पदार्थ असतो. हा गुणधर्म क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधून काढला होता.

तत्त्व माहीत होऊन शंभर वर्षे लोटली, तरी ते वाद्याला लावण्याची गरज कोणाला भासली नव्हती. ती भासली १९२० नंतरच्या अमेरिकेत. तिथल्या नृत्यगृहांतून पितळी कर्णे, क्लॅरिनेट आणि ढोल यांचे ताफे वाजू लागले आणि त्यांत बिचारी गिटार बुडून गेली. जॉर्ज बोशांप हा हवाईयन पद्धतीने, म्हणजे गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवणारा वादक. त्याने १९३१ च्या सुमारास नालाच्या आकाराचे दोन चुंबक व एक वेटोळे घेऊन पिकअप बनवला. अडॉल्फ रिकेनबॅकर याच्या कारखान्यातून १९३२ पासून ही गिटार बाजारात आली. ॲल्युमिनियमची, गोल आणि लांब दांड्याची असल्यामुळे लोक तिला थट्टेने तळणीचा तवा म्हणत. तिचे पेटंट १९३७ साली मंजूर झाले. विजेची पहिली यशस्वी गिटार अशी मांडीवरची निघाली, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कारण हीच मांडीवरची गिटार हिंदुस्थानात घर करून राहिली. टाऊ मो हा पॅसिफिक बेटांकडचा कलावंत आपल्या कुटुंबासह आशियाभर फिरला आणि १९४० नंतरच्या दशकात काही वर्षे कलकत्त्यात राहिला. कांडी सरकवून स्वराला स्वर जोडण्याची ही रीत आपल्या कानाला परकी वाटलीच नाही. विचित्रवीणा आणि गोट्टुवाद्यम यांनी ती मींड आधीच ओळखीची करून ठेवली होती. पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपले यांनी विजेच्या गिटारीवर गाण्यांच्या चाली वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तर गिब्सन कंपनीची ‘सुपर ४००’ ही पूर्ण पोकळ, कोरीव छातीची गिटार मांडीवर घेतली, तिच्यात आपल्या रागसंगीताला हवे ते फेरफार केले आणि सरोदच्या तालमीतले आलाप तिच्यातून काढून दाखवले. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ ची ध्वनिमुद्रिका ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घरोघर पोचली. परदेशी वाद्य जसेच्या तसे पूजेत न ठेवता आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेणे ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. व्हायोलिन आणि पेटी यांचेही आपण तेच केले.

पुन्हा अमेरिकेकडे वळू. कारण अर्धपोकळ गिटारीची जन्मकथा तिथे आहे. १९३६ साली गिब्सन कंपनीने नेहमीच्या पोकळ गिटारीलाच पिकअप बसवून ‘ईएस १५०’ नावाचे वाद्य काढले. चार्ली ख्रिश्चन हा तरुण कृष्णवर्णीय वादक १९३९ साली बेनी गुडमनच्या ताफ्यात आला आणि त्याने त्या गिटारीवर कर्ण्यांच्या तोडीचे एकल वादन केले. १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. परंतु तेवढ्या अवधीत गिटार मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आली होती.

आवाज वाढवता वाढवता मात्र एक विघ्न उभे राहिले. ते सर्वांच्या परिचयाचे आहे. सभेत वक्ता मायक्रोफोन घेऊन लाऊडस्पीकरसमोर गेला, की कर्कश किंकाळी उठते. पोकळ गिटारीत हेच घडते. लाऊडस्पीकरचा आवाज गिटारीच्या तबलीवर आदळतो, तबली थरारते, तिच्यावरची तार थरारते, पिकअप ते कंपन पुन्हा अँप्लिफायरकडे धाडतो, आणि हे चक्र क्षणात वाढत जाऊन किंकाळी फुटते. जी पोकळी हजारो वर्षे वाद्याची शक्ती होती, तीच आता त्याचा शत्रू झाली.

यावर पहिला उपाय सुचला तो पोकळीच नाहीशी करण्याचा. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास चार इंच जाडीचा पाइन लाकडाचा सरळ ओंडका घेतला, त्यावर तारा व पिकअप बसवले आणि गिटारीसारखे दिसावे म्हणून दोन बाजूंना जुन्या गिटारीचे अर्धे-अर्धे अंग चिकटवले. त्याने त्याचे नावच ओंडका ठेवले. १९५० साली लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून भरीव गिटारी मोठ्या संख्येने निघू लागल्या. १९५२ साली गिब्सननेही भरीव गिटार काढली. किंकाळी गेली. पण पुष्कळ वादकांना वाटू लागले, की तिच्याबरोबर लाकडाचा श्वासही गेला. भरीव गिटारीचा स्वर लांब टिकतो, नेमका असतो. पोकळीतून येणारी ऊब आणि मोकळेपणा तिच्यात नसतो.

मग निघाला मधला मार्ग. टेड मॅकार्टी हे त्या काळी मिशिगन राज्यातील कॅलामाझू गावच्या गिब्सन कारखान्याचे प्रमुख होते. १९५८ साली त्यांनी ‘ईएस ३३५’ ही गिटार बाजारात आणली. तिचे अंग मेपल लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेले आणि जाडीला जुन्या पोकळ गिटारीच्या जवळजवळ निम्मे, म्हणजे साडेचार सेंटिमीटरच्या आसपास आहे. बाहेरून इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाच्या दोन खाचा आहेत, म्हणून ती पोकळ भासते. परंतु आत, बरोबर मध्यातून, मानेपासून बुडापर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा गेला आहे. घोडी व पिकअप त्या ठोकळ्यावर आहेत. दोन्ही कुशी तेवढ्या रिकाम्या. लेस पॉलच्या ओंडक्याला जणू प्रतिष्ठित घराण्यात दत्तक घेतले गेले! तारेचे बळ ठोकळ्याने राखले, ऊब कुशींनी राखली, आणि किंकाळी बऱ्याच अंशी आवरली गेली. बी. बी. किंग यांनी याच कुळातील गिटारीवर आयुष्यभर ब्लूज वाजवले. त्यांच्या गिटारीचे नाव ‘ल्युसिल’. १९८० साली त्यांच्यासाठी जे खास वाद्य काढले गेले, त्यात किंकाळी आणखी कमी व्हावी म्हणून वरच्या खाचा चक्क बंद करून टाकल्या होत्या. समझोत्याची रेघ कुठे ओढायची, हे अखेर वादकाच्या गरजेवर ठरते.

किंकाळीप्रमाणेच दुसरे एक विघ्न होते, ते घूंकाराचे. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन करते. आपल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथून निघालेल्या विजेला जो हा ५० चा ठोका आहे, तोच ट्यूबलाइटीत, पंख्यात आणि अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. पिकअपच्या वेटोळ्याला गाण्याची वीज कोणती आणि घरातल्या वायरीची कोणती हे कळत नाही. ते दोन्ही टिपते, आणि स्वरामागे सतत एक घूं-घूं ऐकू येत राहते.

सेथ लव्हर या गिब्सनमधील तंत्रज्ञाने यावर तोड काढली. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवायची. त्यांच्या वेढ्यांची दिशा उलट आणि चुंबकाची टोकेही उलट. बाहेरून आलेला घूंकार दोन्ही वेटोळ्यांत सारख्याच मापाने पण विरुद्ध दिशेने उमटतो. दोन माणसांनी सारख्या जोराने एकच दोर दोन्हीकडून ओढला तर तो जागचा हलत नाही, तसा तो जिरून जातो. तारेचा स्वर मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटा होऊन बेरजेत पडतो. लव्हर यांनी पेटंटसाठी अर्ज १९५५ साली केला, पेटंट मिळाले १९५९ साली. मधल्या काळातील पिकअपांच्या पाठीवर पेटंटचा अर्ज केला असल्याची लहानशी चिठ्ठी असे. त्या चिठ्ठीचे पिकअप आज जुन्या नाण्यांसारखे जपले जातात. ‘ईएस ३३५’ मध्ये आरंभापासून हेच दुवेटोळी पिकअप होते.

इतका इतिहास पाहिल्यावर, लोक हे पिकअप आणि वायरिंग बदलतात कशासाठी, हे समजणे सोपे जाते. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत लॅरी डिमार्झिओ आणि सीमूर डंकन यांनी नुसते सुटे पिकअप बनवून विकण्यास सुरुवात केली. तोपर्यंत वाद्य जसे कारखान्यातून येई तसे वाजवायचे, अशी रीत होती. आता वादक वाद्याचे पोट उघडून त्याचा आवाज निवडू लागला. गंमत अशी, की या नव्या पिकअपांतील कित्येक १९५० नंतरच्या दशकातील जुन्या पिकअपांच्या बरहुकूम बनवलेले असतात. स्वतः सेथ लव्हर यांनी म्हातारपणी डंकन यांच्या कारखान्याबरोबर काम करून आपल्या मूळ पिकअपची प्रतिकृती सिद्ध केली. नवे करण्याच्या नावाखाली माणूस पुष्कळदा जुन्याकडेच परतत असतो, तो असा.

आपल्याकडे या दुरुस्तीला आणखी एक कारण आहे. परवाना-पद्धतीच्या काळात परदेशी वाद्य मिळणे दुरापास्त होते. मुंबईच्या वादकांनी हाती आले त्यावर भागवले, आणि तेही किती उत्तम! १९७१ च्या ‘दम मारो दम’ या गाण्यातील भूपिंदर सिंग यांची गिटार आजही लोकांच्या कानात आहे. पुढे आयात मोकळी झाली. आता पूर्व आशियात बनलेली अर्धपोकळ गिटार मध्यम ऐपतीच्या तरुणालाही घेता येते. तिचे लाकूडकाम बहुधा चोख असते. खर्चाची कात्री लागलेली असते ती आतल्या भागांना : पिकअपच्या वेढ्यांत मेण न मुरवल्यामुळे ते मोठ्या आवाजात शिट्टी देतात, आवाजाची बटणे वर्षभरात खरखरू लागतात, वायरींना जाळीचे संरक्षण नसते. म्हणजे देह चांगला आणि कान अधू, अशी तिची अवस्था असते. तेव्हा सबंध वाद्य टाकून देण्यापेक्षा तिचे कान बदलणे शहाणपणाचे.

हे काम भरीव गिटारीत सोपे असते; मागचे झाकण काढले की सारे समोर येते. अर्धपोकळ गिटारीला झाकणच नसते. आतले सारे भाग त्या वळणदार खाचेतून किंवा पिकअपच्या भोकातून बाहेर ओढायचे आणि तेथूनच आत घालायचे. त्यात मधला ठोकळा आडवा. आरंभीच्या ‘ईएस ३३५’ मध्ये तर ठोकळा अखंड असल्याने खाचेवाचून वाटच नव्हती. पुढे कारखान्यानेच ठोकळ्याला एक खाप पाडून जागा करून दिली. म्हणून जाणते कारागीर एक युक्ती करतात. ते गिटारीवरील भोकांचा नकाशा पुठ्ठ्यावर उतरवून घेतात, त्याच अंतरावर पुठ्ठ्याला भोके पाडतात, सगळी बटणे त्यात बसवतात आणि वायरींची सारी जोडणी बाहेरच, उजेडात, सावकाश करतात. मग प्रत्येक बटणाच्या दांड्याला दोरा बांधायचा, दोऱ्याचे दुसरे टोक खाचेतून आत सोडून ज्याच्या-त्याच्या भोकातून बाहेर काढायचे, आणि जाळ्यातील मासे ओढावेत तशी ती माळ हळूहळू जागेवर आणायची.

जोडणीतील मुख्य भाग थोडे आहेत. दोन पिकअप, प्रत्येकासाठी आवाजाचे एक आणि स्वराच्या धारेचे एक अशी चार बटणे, दोन पिकअपांतून निवड करणारी तीन टप्प्यांची कळ, आणि वायर खुपसण्याचे भोक. दुवेटोळी पिकअपला ५०० किलोओहमची बटणे शोभतात. २५० ची घातली तर स्वर बोथट होतो. धारेच्या बटणावर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. तो बारीक तिखट स्वर जमिनीकडे वळवतो. पिकअप चांगला आहे की तुटला आहे हे मीटर लावून कळते. या जातीच्या पिकअपचा रोध साधारण सात ते नऊ किलोओहम येतो. काटा हललाच नाही तर आतली तार तुटली आहे. डाख देताना बटणाची पाठ चांगली तापवावी. नाहीतर डाख वरवर बसतो, दिसायला चिकटलेला आणि पहिल्याच प्रयोगात सुटणारा. १९५० नंतरच्या दशकात धारेचे बटण आवाजाच्या बटणाच्या मधल्या पायाला जोडत. त्यामुळे आवाज कमी केला तरी स्वराचा तजेला फारसा जात नसे. पुढे ती जोडणी बदलली. आज पुष्कळ जाणकार पुन्हा ती जुनीच मागतात.

आता एक सूचना, जी आपल्या भागातील प्रत्येक वादकाने आणि मंडप उभारणाऱ्याने ध्यानात ठेवावी. गिटारीच्या घोडीपासून एक वायर जमिनीच्या जोडणीला गेलेली असते. तिच्यामुळे वादकाचा हात तारांवर पडताच घूंकार कमी होतो. पण याचा दुसरा अर्थ असा, की वादकाचे शरीर तारांवाटे अँप्लिफायरच्या पत्र्याशी जोडलेले असते. त्या पत्र्याला अर्थिंग नसेल आणि त्यात वीज उतरली, तर ती वादकाच्या हातात येते; आणि दुसरा हात किंवा ओठ मायक्रोफोनला लागला तर अनर्थ होतो. १९७२ साली वेल्समधील स्वॅन्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मृत्यू पावला. आपल्याकडे उघडे शेत, पायाखाली दवाने ओली झालेली माती आणि कोठून तरी ओढून आणलेली वायर अशी स्थिती असते. तिथे प्लगचा तिसरा खिळा तोडून काम भागवणे म्हणजे कलावंताच्या जिवाशी खेळ आहे. पिकअप नंतर बदलावा. अर्थिंग आधी पाहावे.

या दुरुस्तीच्या इतिहासातून एक मर्यादाही शिकण्यासारखी आहे. पूर्वी अनेकांनी मौल्यवान जुन्या गिटारींवर नव्या भागांसाठी बेधडक छिद्रे पाडली, मूळ पिकअप फेकून दिले आणि नंतर पस्तावले. परदेशी बटणाची मान जाड असते, स्वस्त गिटारीचे भोक बारीक असते. घाईने गिरमिट चालवले की वरचा पातळ थर उकलतो आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून नियम असा धरावा : जे परत पूर्ववत करता येईल ते खुशाल बदलावे, जे करता येणार नाही त्याला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा, आणि काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून जपून ठेवावा. वायर ही बदलण्याची वस्तू आहे. लाकूड ही जपण्याची.

आणि हाच नियम वाद्यापुरता नाही. आपल्या रंगमंचावर मायक्रोफोन आले, विजेवरची वाद्ये आली. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ साली विजेवरचा तंबोरा बनवला. आज गावोगावच्या गाण्याच्या वर्गांतून तसा तंबोरा वाजत असतो. यांत वावगे काही नाही. हजारो माणसे गाणे ऐकू इच्छितात, तर ते त्यांच्यापर्यंत पोचले पाहिजे. परंतु लाऊडस्पीकर हा आवाज मोठा करतो. आवाजाला गुण देत नाही. तो गुण लाकडातून, कातड्यातून, भोपळ्यातून आणि माणसाच्या गळ्यातून यावा लागतो. सर्वच पोकळी भरून टाकली, तर मोठे करण्याजोगे उरणार काय? किंगरी ऐकायला दहा माणसांनी जवळ सरकून बसावे लागते, हा तिचा दोष नव्हे. तिच्यासाठी तशा बैठका राहिल्या पाहिजेत, आणि हजारोंच्या मेळ्यात ती नेलीच तर तिच्या जातीला साजेल असा पिकअप तिला मिळाला पाहिजे.

असे पिकअप कोण लावून देईल? आपल्याच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तारतंत्रीचे आणि विद्युतयंत्रांचे शिक्षण घेतलेली मुले दरवर्षी बाहेर पडतात. मीटर धरणे आणि डाख देणे त्यांना येते. लाकूड ओळखणारे सुतार आपल्या गावोगाव आहेत, आणि कोणता स्वर खरा हे सांगणारे वादक झाडीपट्टीत आहेतच. या तिघांनी एका बाकावर बसावे, एवढेच बाकी आहे. मिरजेच्या शिकलगारांच्या हातातही आरंभी हत्यारे होती, वाद्ये नव्हती. हात कसबी होता, आणि काळ कोणीकडे वळला आहे हे त्यांनी वेळीच ओळखले. तेवढ्यावर एका गावाचे नाव पावणेदोनशे वर्षे संगीतात टिकून राहिले आहे.